शॉर्ट सर्किट आणि आठ मिलिमीटर

इंटर्नशिपला आलेल्या मुलांना मृत्यूचा दाखला भरायला शिकवताना आम्ही पहिली ताकीद देतो ती अशी, की कारणाच्या रकान्यात 'हृदयक्रिया बंद पडल्याने' एवढेच लिहू नका. हृदयक्रिया शेवटी प्रत्येकाचीच बंद पडते. ती कशामुळे बंद पडली ते लिहा.

रुग्णालयातल्या आगीची बातमी वाचताना मला ही ताकीद हमखास आठवते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात अकरा रुग्ण गेले. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीत पुन्हा दहा बालके गेली. तिन्ही वेळी सुरुवातीच्या बातम्यांत एकच शब्द होता: शॉर्ट सर्किट. या घटनांच्या चौकशीत मी इथे शिरत नाही, ते माझे काम नव्हे. पण 'शॉर्ट सर्किट' हे कारण नाही, तो 'हृदयक्रिया बंद पडल्याने'चा विजेतला भाऊ आहे. जी दोन ठिकाणे एकमेकांना भेटायला नकोत ती भेटली, एवढाच त्याचा अर्थ. ती का भेटली, त्यांच्यामध्ये किती अंतर ठेवलेले होते आणि ते अंतर कोणी, केव्हा खाल्ले, हा खरा प्रश्न असतो.

अशी भेट वायरिंगमध्ये होऊ शकते, प्लगमध्ये होऊ शकते आणि यंत्राच्या पोटातल्या हिरव्या पाटीवरही होऊ शकते. आज त्या हिरव्या पाटीबद्दल लिहायचे आहे. दुरुस्तीवाले तिला बोर्ड किंवा कार्ड म्हणतात आणि तिच्यावरच्या तांब्याच्या रेघांना ट्रॅक. बाळाचा वॉर्मर असो, व्हेंटिलेटर असो की पलंगाशेजारचा मॉनिटर, प्रत्येकाच्या आत असे ट्रॅक असतात. साधारण ट्रॅकच्या तांब्याची जाडी ३५ मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसापेक्षाही कमी.

हा विषय आत्ता काढायला निमित्त आहे. व्हेंटिलेटरसारखी जास्त जोखमीची उपकरणे १ ऑक्टोबर २०२३ पासून औषधांप्रमाणे परवान्याखाली आली. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इलेक्ट्रॉनिक सुटे भाग देशात बनावेत म्हणून २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. अनेक थरांचे बोर्ड त्या यादीत आहेत. म्हणजे येत्या काही वर्षांत सरकारी दवाखान्यांत देशी बोर्डांची यंत्रे वाढणार आणि खरेदी समितीत बसणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरांना त्यांवर सह्या कराव्या लागणार. या समित्यांत बोर्डाबद्दल जे ऐकू येते, त्यातले निम्मे ऐकीव असते. विक्रेत्यांचे प्रतिनिधी ते ठासून सांगतात, आम्ही मान डोलावतो. आमच्याकडच्या बायोमेडिकल इंजिनिअर मुलीने एक दिवस मला चांगलेच झापले, 'सर, तुम्ही औषधाच्या कंपनीला पुरावा मागता, बोर्डाच्या कंपनीला का मागत नाही?' तेव्हापासून मी हा विषय शिकतो आहे. पुढचे बरेचसे तिचेच शिकवणे आहे, पडताळणी माझी.

सर्वांत लोकप्रिय समजापासून सुरुवात करू. ट्रॅकला काटकोनात वळवायचे नाही, ४५ अंशांत वळवायचे. नाहीतर म्हणे कोपऱ्यावर विजेचा वेग मोडतो, इलेक्ट्रॉन घसरतात, सिग्नल परत फिरतो. एका प्रतिनिधीने आम्हाला बोर्डाचा फोटो मोठा करून दाखवला होता: 'बघा डॉक्टर, एकही काटकोन नाही.' गंमत अशी, की एक अँपिअर प्रवाह वाहणाऱ्या बारीक ट्रॅकमधले इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात सेकंदाला काही मिलिमीटर एवढेच सरकतात. मुंगी त्यांच्या पुढे जाईल. त्यांनी वळणावर घसरण्याचा प्रश्नच येत नाही. वेगाने जातो तो विद्युतक्षेत्राचा बदल. त्याला काटकोनात किंचित जास्त तांबे भेटते, त्याचा परिणाम अनेक गिगाहर्ट्‌झच्या पुढे गेल्याशिवाय जाणवत नाही. डग्लस ब्रुक्स या अमेरिकी अभियंत्याने १९९८ मध्ये काटकोनी वळणे असलेले ट्रॅक मोजून पाहिले आणि या भीतीला आधार सापडत नसल्याचे लिहिले. तरी नियम जिवंत आहे. तो पूर्वी निराधार नव्हता. टोकदार कोपऱ्यात आम्ल साचून तांबे जास्त खरवडले जाण्याची भीती जुन्या पद्धतीत होती. आणि डिफिब्रिलेटरसारख्या, काही हजार व्होल्ट साठवणाऱ्या यंत्रात अणकुचीदार कोपरा खरोखर टाळायचा असतो, कारण तिथे विद्युतक्षेत्र एकवटते. पण तापमान दाखवणाऱ्या मॉनिटरच्या बोर्डावर काटकोन नाहीत, म्हणून तो सुरक्षित, असे म्हणणे म्हणजे रुग्णाची नखे स्वच्छ आहेत म्हणून हृदय ठीक असल्याचे सांगण्यासारखे आहे.

दुसरा समज अधिक मजेशीर आहे, कारण तो छापील तक्त्यातून आला. ट्रॅक किती रुंद असला म्हणजे किती प्रवाह सोसतो, याचे आलेख १९५० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये केलेल्या मोजणीतून निघाले. मोजणी बोर्डाच्या बाहेरच्या पृष्ठावरील ट्रॅकची होती. पुढे अनेक थरांचे बोर्ड आले, तेव्हा आतल्या थरातल्या ट्रॅकचे काय, असा प्रश्न निघाला. उत्तर मोजून दिले गेले नाही. आत हवा लागत नाही, तेव्हा तो जास्त तापेल, असे धरून बाहेरचा आकडा सरळ निम्मा केला गेला. हा निम्मा आकडा लष्करी मानकातून नागरी मानकात आला आणि पन्नास वर्षे वापरला गेला. एक अँपिअर प्रवाहासाठी, दहा अंश तापमानवाढ चालेल असे धरले, तर त्या सूत्राने बाहेरचा ट्रॅक ०.३ मिलिमीटर लागतो आणि आतला जवळजवळ ०.८ मिलिमीटर. २००९ मध्ये नव्या मोजणीवर आधारलेले मानक आले, तेव्हा आतला ट्रॅक बाहेरच्याइतकाच, बऱ्याचदा त्याहूनही कमी तापतो, असे दिसले. कारण साधे आहे. बोर्डाचे काचतंतू-राळेचे मिश्रण उष्णता वाहून नेण्यात स्थिर हवेपेक्षा सुमारे दहापट चांगले असते. गोधडीत गुंडाळला असे ज्याला समजत होतो, तो प्रत्यक्षात थंड फरशीला पाठ लावून झोपलेला निघाला.

आम्हा डॉक्टरांना यात हसण्यासारखे काही नाही. शरीराचे 'नॉर्मल' तापमान ३७ अंश सेल्सिअस, हा आकडा जर्मनीच्या वुंडरलिश यांनी १८६८ मध्ये रूढ केला. अलीकडच्या मोजण्यांत सरासरी त्याहून थोडी खाली येते, तरी आमच्या तक्त्यांवरची रेघ तिथेच आहे.

जास्त रुंद ट्रॅकने नुकसान काय, असे कोणी विचारेल. तसे थेट काही नाही. पण बोर्डावर जागा मोजकी असते. तांबे अकारण पसरले की ते कुठून तरी जागा घेते, आणि जी जागा सर्वांत रिकामी दिसते तिच्यावरच पहिला डोळा जातो. ती रिकामी जागा रिकामी का सोडलेली आहे, हा या लेखाचा गाभा आहे.

त्याआधी जळालेल्या ट्रॅकबद्दल एक शब्द. 'ट्रॅक बारीक होता म्हणून जळाला' हे वाक्य दुरुस्तीच्या कागदावर मी असंख्य वेळा वाचले आहे. ट्रॅक बारीक असण्याची शक्यता असते, पण बहुतेकदा जळालेला ट्रॅक हा बळी असतो, गुन्हेगार नव्हे. पुढचा एखादा भाग आतून शॉर्ट होतो, नको तेवढा प्रवाह ओढतो आणि वाटेतला सर्वांत नाजूक दुवा वितळतो. त्या जागी जाड वायर डकवली, दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत 'जंपर मारला', की यंत्र चालू होते आणि सगळे खूश होतात. पण दोष तसाच राहिलेला असतो. आता पुढच्या वेळी वितळायला तो नाजूक दुवा नाही, म्हणून उष्णता दुसरीकडे बाहेर पडेल. अतिदक्षता विभागात ऑक्सिजन गळत असेल, हवेतले त्याचे प्रमाण नेहमीच्या २१ टक्क्यांवरून थोडेही वर गेले असेल, तर गादी, चादर, प्लास्टिकची नळी किती झपाट्याने पेटतात, हे वेगळे सांगायला नको.

आता ती रिकामी जागा. रुग्णाला जोडलेल्या यंत्राचा पॉवर बोर्ड नीट पाहिला, तर त्याचे दोन मुलूख दिसतात. एका बाजूला भिंतीतून आलेले २३० व्होल्ट, दुसऱ्या बाजूला रुग्णाकडे जाणाऱ्या तारा. मध्ये एक पट्टा, ज्यावर तांब्याचा कणही नाही, आतल्या थरांतही नाही. ऊर्जा आणि संदेश हा पट्टा ओलांडतात ते तांब्यातून नव्हे, तर ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा एका चिमुकल्या बंद डबीतल्या प्रकाशातून. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०६०१-१, जे आपल्याकडे आयएस १३४५० म्हणून स्वीकारलेले आहे, या पट्ट्याबद्दल अगदी स्पष्ट बोलते. २५० व्होल्टपर्यंतच्या विजेपासून रुग्णाला दुहेरी संरक्षण द्यायचे असेल, तर पृष्ठभागावरून मोजलेले अंतर किमान ८ मिलिमीटर आणि हवेतून मोजलेले किमान ५ मिलिमीटर हवे. यंत्र चालवणाऱ्याच्या संरक्षणासाठी हेच आकडे ५ आणि ४ आहेत. रुग्णाला जास्त अंतर का? कारण यंत्र हाताळणारी सिस्टर झटका बसला तर हात मागे घेईल. भुलीखालचा रुग्ण किंवा तेराशे ग्रॅमचे बाळ घेणार नाही. शिवाय आम्हीच त्याच्या कातडीचे संरक्षण काढून घेतलेले असते. ओला जेल, सुई, कॅथेटर. हृदयापर्यंत पोचणाऱ्या तारेतून नेहमीच्या स्थितीत फार तर १० मायक्रोअँपिअर गळती चालते आणि एखादा दोष उद्भवला तरी ५० च्या वर नाही. साध्या दिव्यासारखा चमकणारा एलईडी घ्या. तो सुमारे १० मिलिअँपिअर घेतो. त्याचा हजारावा भाग ही आपली मर्यादा आहे.

हे ८ मिलिमीटर समज नाही. ती मोजून, पारखून ठरवलेली, पट्टी लावून तपासता येणारी गोष्ट आहे. पण तिच्याभोवतीही समजांची गर्दी आहे. एक म्हणजे, 'बोर्डावर हिरवा थर आहे ना, मग ट्रॅक जवळ असले तरी काय बिघडले?' तो हिरवा थर डाख नको तिथे चिकटू नये म्हणून असतो. त्याची जाडी दोन-तीन शतांश मिलिमीटर, त्याला ओरखडे पडतात, बारीक छिद्रे असतात. सुरक्षेच्या हिशेबात तो इन्सुलेशन म्हणून धरत नाहीत. वरून पारदर्शक लॅकर मारले, म्हणूनही अंतर आपोआप कमी करता येत नाही. आणि मळक्या बोर्डावर मारलेले लॅकर ओल आत कोंडून उलट घात करते.

दुसरा समज वळणाचा आहे आणि तो समजायला मला वेळ लागला. बोर्डावर कधी कधी दोन रिकाम्या फटी दिसतात. एक वर सांगितलेली सुरक्षेची. दुसरी 'डिजिटल' आणि 'अ‍ॅनलॉग' भागांची जमीन, म्हणजे परतीच्या प्रवाहाचा तांब्याचा सपाट थर, वेगळी करायला कापलेली. ही दुसरी फट पुष्कळदा निव्वळ रिवाज असते, आणि तिच्यामागे आपल्या शाळेतले एक वाक्य आहे: वीज सर्वांत कमी रोधाच्या वाटेने जाते. वीज तसे करत नाही. पायाची मोठी धमनी अरुंद झाली की रक्त जसे उपलब्ध सर्व फांद्यांतून वाटले जाते, तशी वीज सर्व वाटांमध्ये विभागते, सोप्या वाटेला जास्त, अवघड वाटेला कमी. वेगाने बदलणारा सिग्नल असेल तर परतीचा प्रवाह अंतराने जवळची वाट धरत नाही, तो आपल्या ट्रॅकच्या अगदी पोटाखालून, सावलीसारखा परत येतो. खालची जमीन मध्येच कापलेली असेल, तर त्या सावलीला वळसा पडतो, वळशाचे वेटोळे होते आणि वेटोळे म्हणजे अँटेना. ईसीजीचा सिग्नल जेमतेम एक मिलिव्होल्टचा. त्यावर लव आल्यासारखी जाड रेघ दिसली की आम्ही वॉर्डात म्हणतो 'अर्थिंग नाही', आणि इलेक्ट्रिशियनला बोलावतो. अर्थिंगचा किंवा सुकलेल्या इलेक्ट्रोडचा दोष असतोच बऱ्याचदा. पण काही यंत्रांत ती रेघ बोर्ड आखतानाच पेरलेली असते.

म्हणजे एकाच पाटीवर, एकसारख्या दिसणाऱ्या दोन फटी. एक हटवली तर यंत्र सुधारू शकते, दुसरी हटवली तर माणूस दगावू शकतो. समज आणि तथ्य वेगळे करण्याची गरज मला इथे सर्वांत जास्त वाटते, कारण ज्याला फरक माहीत नाही, तो दोन्ही फटींना सारखीच वागणूक देतो.

तसे घडलेले मी पाहिले आहे. एका पावसाळ्यात आमच्याकडचा एक मल्टिपॅरा मॉनिटर बाहेरून दुरुस्त होऊन आला. कागदावर 'पॉवर कार्ड दुरुस्त' एवढेच. चालू केला, आकडे आले, आम्ही तो खाटेशेजारी लावणार होतो. इंजिनिअर मुलीने हट्टाने तो उघडायला लावला. आत भिंतीच्या विजेच्या बाजूचा ट्रॅक जळालेला होता आणि त्याच्या जागी लाल वायरचा जंपर. तो जंपर जवळच्या वाटेने न नेता, जागा मोकळी दिसली म्हणून त्या रिकाम्या पट्ट्यावरून, रुग्णाच्या बाजूच्या तांब्याला टेकून फिरवलेला. 'सर, आठ मिलिमीटर होते, आता या वायरच्या सालीएवढे उरले,' ती म्हणाली. गळती मोजली तर आकडा मर्यादेत होता! मला यातले हेच सर्वांत जास्त लागले. वायरची साल शाबूत होती, म्हणून मोजणी ठीक आली. ती साल उन्हाने, उष्णतेने, घासून केव्हा जाईल, हे कोणी सांगावे. म्हणजे मोजणी हवीच, पण दुरुस्तीनंतर डोळ्यांनी पाहणेही हवे. ज्याने तो जंपर मारला, तो वाईट माणूस नसणार. त्याला ती जागा रिकामी दिसली, एवढेच.

पण जंपरवाल्यापेक्षा मोठा दोष आमच्या, म्हणजे रुग्णालयाच्या पदरात पडतो. मानकातले ८ मिलिमीटर हे कोरड्या, बऱ्यापैकी स्वच्छ बोर्डाचे आहेत. मानक लिहिणाऱ्यांनी 'प्रदूषणाच्या पातळ्या' ठरवल्या आहेत, आणि वैद्यकीय यंत्र ज्या पातळीत धरले जाते, तिच्यात साधी कोरडी धूळ आणि क्वचित येणारे दव एवढेच गृहीत आहे. आमचे वॉर्ड त्या पातळीत बसतात का? पट्ट्यावरचे अंतर वाढवण्यासाठी बोर्डात कधी कधी आरपार खाच पाडतात. पृष्ठभागावरून जाणाऱ्या विजेला मग खाचेला वळसा घालावा लागतो. ती खाच धुळीने आणि बँडेजच्या कापसाच्या तुसांनी भरली की वळसा संपला.

ओलीची गोष्ट तर डॉक्टरांना सहज कळेल अशी आहे. दोन ट्रॅकमध्ये व्होल्टेज आहे, मध्ये ओलावा आहे आणि डाखकामाचा उरलेला चिकट अंश किंवा मीठ आहे, तर एका ट्रॅकचा धातू विरघळून आयन रूपाने दुसऱ्याकडे निघतो आणि तिथे झाडाच्या फांदीसारखा वाढू लागतो. परिस्थिती अनुकूल असेल, तर काही मिनिटांत ही फांदी पलीकडे पोचते. ती इतकी नाजूक असते, की शॉर्ट होताच जळून जाते आणि यंत्र पुन्हा चालू होते. 'इंजिनिअर आला की मशीन बरोबर चालते, तो गेला की बंद पडते,' ही सिस्टरांची तक्रार आपण थट्टेवारी नेतो. तिच्यामागे हे कारण असू शकते. कोकणात, गोव्यात खारी हवा आहे, बाकी महाराष्ट्रात चार महिने पावसाळा आहे. एसीच्या थंडगार खोलीतले यंत्र ओलसर वऱ्हांड्यातून दुसऱ्या वॉर्डात नेले आणि लगेच चालू केले, तर चष्म्यावर येते तसे दव त्याच्या बोर्डावर आलेले असते. अर्धा-एक तास थांबायला कोणाला वेळ नसतो, हे मला मान्य आहे. रुग्ण वाट पाहत असतो. पण जिथे घाई नसेल, तिथे तरी थांबावे.

आणि कोविडच्या काळात आपण जे केले ते आठवा. खांद्यावर पंप घेऊन हायपोक्लोराइटचा फवारा, खाटेवर, भिंतीवर, यंत्रावर. जागतिक आरोग्य संघटनेने १५ मे २०२० रोजीच पृष्ठभागांवर असा सरसकट फवारा मारू नये, पुसून घ्यावे, असे सांगितले होते. विषाणूसाठी तो निरुपयोगी होता हे तर झालेच, पण व्हेंटिलेटरचा पंखा खोलीतली हवा आत ओढतो आणि तिच्याबरोबर क्लोरीनचे तुषारही. क्लोराइड आणि ओल तांब्याचे काय करते, हे समुद्रकाठच्या घरातल्या पितळी कडीला विचारावे. त्या काळात घेतलेली कितीतरी यंत्रे आजही वापरात आहेत. त्यांचे झाकण उघडून बोर्ड पाहिले गेले का, हा प्रश्न मी प्रत्येक बैठकीत विचारतो आणि विषय पुढे सरकतो.

उरला समज देशी-विदेशीचा. 'बाहेरचा बोर्ड म्हणजे भरवशाचा.' बोर्डाला पासपोर्ट नसतो. पेसमेकरचेच पाहा. १९८६ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आपल्या निरीक्षकांसाठी एक टिपण काढले होते. शुद्ध कथलाच्या मुलाम्यातून आपोआप केसासारखे बारीक धातूचे तंतू उगवतात आणि शेजारच्या धातूला टेकतात, असा त्याचा विषय होता. काही पेसमेकर या कारणाने परत बोलवावे लागले होते. प्रगत देश, हृदयात बसवायचे यंत्र आणि तरीही दोष हाच: जे अंतर आहे असे धरले होते, ते उरले नव्हते. उलट बाजूने, देशी योजना आली म्हणून देशी बोर्ड आपोआप चांगला होईल, हेही तितकेच भाबडे. बोर्ड कारखान्यात छापला जातो, पण अंतरे ठरतात आखणीच्या वेळी, टेबलावर. योजनेचे कोटी यंत्रसामग्रीला जातील. आखणी तपासणारा माणूस आणि प्रयोगशाळा यांना किती जातील, ते पाहायला हवे.

शेवटी खरेदीवर सही करणाऱ्यांसाठी, म्हणजे आम्हालाच. आपल्या निविदेत पडद्याचा आकार, बॅटरीचे तास, रंग एवढे सगळे असते. चाचणी अहवाल 'जोडावा' असेही असते, पण तो उघडून वाचला जात नाही. त्या अहवालात एक आकृती असते, यंत्राचे कोणते भाग एकमेकांपासून किती अंतरावर आणि किती संरक्षणाने वेगळे ठेवले आहेत हे दाखवणारी. ती पाहायला अभियंता असण्याची गरज नाही. भिंतीच्या विजेपासून रुग्णापर्यंतच्या वाटेवर ८ हा आकडा आहे का, एवढे शोधता येते. यंत्र आल्यावर 'चालू झाले' म्हणून आम्ही इन्स्टॉलेशनच्या कागदावर सही करतो. त्याऐवजी गळती मोजून आकडा लिहावा आणि दरवर्षी, तसेच प्रत्येक दुरुस्तीनंतर, तो पुन्हा मोजून पहिल्या आकड्याशी ताडून पाहावा. मोजायला काही मिनिटे लागतात. आकडा मर्यादेत असूनही दरवर्षी चढत असेल, तर आत ओल, धूळ किंवा कोणाचा तरी जंपर आहे, असे समजून झाकण उघडावे. रक्तदाबाच्या रुग्णाची वही आपण अशीच वाचतो.

यासाठी व्यवस्था अजिबात नाही असेही नाही. २०१५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानातून सरकारी यंत्रांच्या देखभालीचा कार्यक्रम सुरू झाला. त्या वेळच्या मोजदादीत २९ राज्यांतली साडेसात लाखांहून अधिक यंत्रे नोंदली गेली आणि राज्याराज्यांत त्यांपैकी १३ ते ३४ टक्के बंद आढळली. त्याच वर्षी जुलैत उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद करणारा राष्ट्रीय कार्यक्रमही गाझियाबादहून सुरू झाला. औषधाची प्रतिक्रिया आली की आपण फॉर्म भरतो, निदान भरायला हवा हे तरी माहीत असते. मॉनिटरला हात लावल्यावर झिणझिणी आली, वॉर्मरमधून जळका वास आला, तर तोही तसाच फॉर्म भरण्याचा प्रसंग आहे, हे वॉर्डात फार थोड्यांना ठाऊक आहे. सिस्टर यंत्र बदलतात, खराब यंत्र कोपऱ्यात जाते, आठवड्याने कोणीतरी ते 'चालतंय की' म्हणून परत आणते.

आमच्याकडे गेल्या महिन्यात इंजिनिअर मुलीने नवजात विभागातल्या वॉर्मरांची झाकणे एकेक करून उघडायला सुरुवात केली आहे. पहिल्याच वॉर्मरच्या बोर्डावरच्या खाचेतून तिने चिमट्याने कापसाची गुंडाळी काढली आणि माझ्या टेबलावरच्या पेट्री डिशमध्ये आणून ठेवली. अजून नऊ वॉर्मर उघडायचे आहेत.